राजूरच्या सत्कारात डच गायिका

मंडळी, गावोगावच्या सत्कारांची मी कायम टिंगल करतो. आज राजूरला मीच तोंडावर पडलो.

बियाणं बघायला आलेल्या डच पाहुण्याचा मी दुभाषी. सोबत त्याची बहीण, एकेकाळची पॉप गायिका. भर कार्यक्रमात तिचा आवाज फुटला नाही, लोक हसले, तेव्हापासून सहा वर्षं गाणं बंद. जीपमध्ये भावानेच सांगितलं.

सरपंचांनी तिला शाल-नारळ दिला आणि माईक पुढे केला. "ताई, दोन शब्द बोला!"

मी म्हणालो, "अहो, त्यांना मराठी येत न्हाई."

"मंग गाणं म्हणू द्या की! चुकलं तरी इथं कोणाला कळून राह्यलं?"

मी जसंच्या तसं सांगितलं. बाई खळखळून हसली आणि चक्क गायली. भजनी मंडळाने लगेच टाळ धरले.

मग सरपंचही गायले. ते चुकल्याचं मात्र सगळ्यांना कळलं.

आपलं चुकलेलं कुणाला कळणार नाही, असं गाव तुम्हाला सापडलंय का?