भाऊजींची हडळ

माणसं घाबरावीत म्हणून आमच्या भाऊजींनी जेवढा आटापिटा केला, तेवढा अख्ख्या वऱ्हाडात कुणी केला नसेल. आणि त्यांना कुणी म्हणजे कुणी घाबरलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, राहणार पिंपळगाव राजा. घरची कपाशी भावावर सोपवून हा गृहस्थ भुतांचे मुके सिनेमे काढायचा. एका फिरत्या तंबूवाल्याकडून सिनेमा काढायची आणि दाखवायची, हातानं फिरवायची जुनी यंत्रं मिळवलेली, बाकी सगळं एकहाती. मुंबईच्या कंपनीत जा म्हटलं की म्हणत, "तिथं देव करा लागते. मले भूतच कराचं हाय." पहिल्या सिनेमात ते स्वतः तोंडाला कणीक फासून मुंजा झाले. बाजाराच्या दिवशी जिनिंगच्या गोदामात, झरोक्यांना पोती लावून भरदुपारी खेळ केला, तर कुणीतरी ओरडलं, "अबे, हा तं आपला पाटील हाय!" दुसऱ्यात गावचा शिंपी खवीस झाला. तो पडद्यावर दिसताच गिऱ्हाइकांनी शिवायला टाकलेले सदरे मागायला सुरुवात केली.

तिसऱ्यासाठी हडळ हवी होती. सिनेमात उभी राहणार कोण? शेवटी अक्का तयार झाली, पण कुंकू पुसायला काही केल्या राजी होईना. "तुम्ही जित्ते असताना मी कपाय पांढरं नाही करत. पायजे तं अशीच घ्या." आणि घेतली हो! मोकळे केस, हातभर चुडा आणि रुपयाएवढं कुंकू ल्यालेली हडळ विहिरीवरून चालत येताना पाहून बायका पोट धरून हसल्या. सगळ्यात मोठ्यानं अक्का. भाऊजींनी पडदा गुंडाळला. मला एवढंच म्हणाले, "एक माणूस भ्याला पायजे होता रे. एकच."

पुढच्या साली अक्का बाळंतपणात गेली. मूलही राहिलं नाही. बाळंतीण गेली की तिची हडळ होते, असं आमच्याकडे मानतात. तिला नेताना म्हाताऱ्यांनी वाटेवर मोहऱ्या टाकल्या, ती परतू नये म्हणून.

वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी त्याच गोदामात तोच सिनेमा लावला. विहीर दिसली, अक्का आली आणि सरळ आमच्याकडे बघत चालू लागली. कुणी हसलं नाही. मग एक बाई किंचाळली आणि माणसं एकमेकांना तुडवत दाराकडे धावली. जन्मभर ज्यासाठी झुरले ते भाऊजींना आज मिळालं होतं, आणि ते यंत्राचा दांडा फिरवत ओरडत होते, "काऊन पयता बे? थांबा ना! इंदू हाय ते!" बायकोचं नाव चारचौघांत त्यांनी पहिल्यांदाच घेतलं.

मी दारात होतो. सख्खा भाऊ मी, काय सांगू, मीही पळालो होतो! वळून पाहिलं तर रिकाम्या गोदामात भाऊजी दांडा अगदी हळू फिरवत होते. दांडा हळू फिरवला की पडद्यावरचं माणूसही हळू चालतं. माझी भीती काही गेली नव्हती. तरी परत जाऊन त्यांच्याशेजारी बसलो, आणि अक्का जवळ येईपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.