साडेअकरा कोयत्यांचं गाव

आपलं घर अर्धंच आखलंय, हे आधी कडूबाईच्या लक्षातच आलं नाही. पिंगळी स्टेशनाच्या पलीकडं जो बरड माळ आहे, तिथं त्या सकाळी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारून नव्या वस्तीची घरं आखणं चाललं होतं. जो तो आपापल्या चौकोनात उभा राहून हा माझा ओटा, ही माझी न्हाणी असं हातवारे करून दाखवत होता. कडूबाईही आपल्या चौकोनात गेली, ऐटीत चालायला लागली आणि चार पावलांत पलीकडं बाहेर पडली. तिला वाटलं, फक्की संपली असेल.

फक्की संपली नव्हती. ठरावच तसा झाला होता, आणि त्या ठरावाला ज्यांनी हात वर केले त्यांत कडूबाईचा हात सगळ्यांत उंच होता. हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

कडूबाईच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे काळालासुद्धा हिला तोंड लावावंसं वाटू नये. काळ लांब राहिला खरा, पण नाव जिभेत उतरलं. लग्न होऊन या शिवारात आली ती पहिल्याच दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली, आणि पुढं प्रत्येक साली उन्हाळा लागेपर्यंतचे दिवस कुठल्यातरी कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, काढत राहिली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, आणि मुकादमानं दोघांना मिळून एक मोजायचं. नवरा गेला तेव्हा कडूबाई अर्धा कोयता झाली. मोळीचं वजन मात्र होतं तेवढंच राहिलं. कधी कुणाच्या दिराबरोबर, कधी कुणाच्या सासूबरोबर जोड लावून ती फडात जात राहिली, आणि धड रडायलाही फुरसत मिळाली नाही म्हणून उसालाच शिव्या देत राहिली.

गावाची कल्पना तिचीच. एकदा तळावर भाकरी थापता थापता ती म्हणाली की परक्या मुलखात आपण दाराला दार लावून राहतो, एकमेकींच्या तव्यावर भाकरी टाकतो, आणि घरी परतलो की जो तो आपापल्या शेतातल्या आखाड्यावर, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. इथं दुसऱ्याच्या रानात कोप्यांचं गाव बसवता येतं, तर आपल्या माळावर खरं गाव का बसवू नये? आपलं पाणी, आपली झाडं, आपली गुरं; म्हणजे दिवाळी झाली की बोचकं बांधायला नको. मुकादम व्यंकटराव पोट धरून हसला. त्याची बायको दगडाबाई हसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात व्यंकटराव नव्या गावासाठी काढलेल्या सोसायटीचा चेअरमन झाला होता आणि ही कल्पना आपल्याला कशी सुचली ते लोकांना रंगवून सांगत होता. कडूबाईनं सांगू दिलं. कल्पनेला मोटारसायकल असलेला माणूस लागतो, एवढं तिला कळत होतं.

परभणीहून मंजुषा नावाची एक इंजिनियर मुलगी मदतीला यायला लागली. पांढऱ्या मातीच्या विटांची घरं, छपरावरचं पाणी जमिनीत मुरवायचं, सगळ्यांचा मिळून एक गोठा, त्या शेणावर गोबरगॅस, बांधाबांधानं झाडं, असं सगळं तिनं समजावून सांगितलं आणि याला इको-व्हिलेज म्हणतात असंही सांगितलं. माती, शेण आणि पावसाचं पाणी यांना इतकं भारी नाव असतं हे कळल्यावर मंडळींची छाती फुगली. लिंबाखाली बैठकांवर बैठका झाल्या. बकरी झाडं खाते, तर ती या वस्तीत बसते की नाही, यावर एक अख्खी बैठक गेली, आणि ती चालू असतानाच बकरीनं मंजुषानं आणलेली रोपं खाऊन आपलं मत दिलं.

मग कुणाला किती जागा, कुणाचं काम किती, कुणाचं मत किती, हा प्रश्न निघाला. व्यंकटरावला त्यात काही अवघड दिसलं नाही. कोयत्याला एक घर, कोयत्याला एक मत. सगळ्यांना पटलं. आयुष्यभर ज्या मापानं मोजून घेतलं ते माप कुणाला खुपणार? कडूबाईनंही पटकन हात वर केला. मंजुषानं घरं किती धरू म्हणून विचारलं, तर चेअरमननं साडेअकरा सांगितली. अर्धं म्हणजे काय, तर एकटी बाई आहे. पोरीनं एक खोली कमी काढली. माळावरची जमीन सोसायटीत घालताना मात्र कडूबाईची पट्टी कुणी अर्धी घेतली नव्हती, ती पुरीच घेतली होती.

फक्कीच्या चौकोनातून बाहेर पडलेली कडूबाई तडक व्यंकटरावकडं गेली. त्यानं अगदी मायेनं समजूत घातली की वहिनी, एकट्या जिवाला जागा लागते किती, झाडलोट तरी कमी. ही माया तिला जास्त झोंबली. वाईट वाटलं ते खोलीचं नाही. गाव तिच्या डोक्यातून निघालं होतं आणि त्या गावात ती निम्मी होती. पण भांडली नाही. "बरं हाय," एवढंच म्हणाली. तिला ओळखणाऱ्यांनी खरं तर तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी विटा पाडायचं काम होतं. कडूबाईनं दुपारपर्यंत झपाट्यानं विटा पाडल्या आणि ऊन डोक्यावर आलं तशी लिंबाखाली पाय पसरून विडा लावायला बसली. अर्ध्या कोयत्याचा दिवस अर्धाच असतो म्हणाली. झाडांसाठी खड्डे घ्यायचे होते, ते तिनं गुडघ्याऐवजी घोट्यापर्यंत घेतले. लोक हसले. व्यंकटरावही हसला, कारण त्याला वाटलं की बाई दोन दिवसांत गार होईल.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोठ्या चुलीवर स्वयंपाकाची पाळी तिची आली. सकाळपासून तिनं ज्वारीच्या भाकरी थापल्या, चांगल्या ताटाएवढ्या, आणि चवड रचून ठेवली. मंडळी हातपाय धुऊन ओळीनं बसली. ठेचा आला, पिठलं आलं. व्यंकटरावनं भाकरीचा तुकडा मोडला तर बोटांना ओलं पीठ चिकटलं. भाकर एका बाजूनं खरपूस होती आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची. त्यानं दुसरी घेतली, तीही तशीच. सगळ्याच तशा.

"माजी बाजू मी भाजलीय," कडूबाई म्हणाली. "दुसरी ज्याची त्यानं भाजून घ्यावी. अर्ध्या कोयत्याकडून पुऱ्या भाकरीची आशा करू नका."

मग काय विचारता. फडात भल्याभल्यांना पाणी पाजणारे गडी हातात भाकर घेऊन चुलीपुढं रांगेत उभे राहिले. एकाची जाळात पडली, एकाची करपली, चेअरमनची तर बोटंच भाजली. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. व्यंकटराव चिडला. ठराव तो ठराव, असं ठणकावून त्यानं बायकोला सांगितलं की माझी भाकर तू भाज.

दगडाबाई उठली, पण चुलीकडं गेली नाही. फक्कीचं घमेलं घेऊन ती आपल्या घराच्या चौकोनात गेली आणि मधोमध आडवी रेघ मारून मोकळी झाली.

"आवो, उद्या तुमाला काई झालं तर मी बी अर्धीच की," ती म्हणाली. "मंग आताच आखून ठिवते. ही बाजू तुमची, ही माजी. अन् मी आदी गेले, तर तुमी अर्धे."

हसणं थांबलं. एकेक बाई उठायला लागली, घमेल्यात हात घालायला लागली आणि आपापलं घर दुभागायला लागली. शेवटच्या घरापाशी फक्की खरोखरच संपली, तर त्या बाईनं पायाच्या अंगठ्यानं रेघ ओढली. गडी हातात अर्धकच्च्या भाकरी घेऊन बघत राहिले. व्यंकटरावनं हजारो कोयते मोजले होते, पण त्या मोजणीत आपण स्वतः कधी अर्धे निघू शकतो हे त्याच्या मनात आलं नव्हतं. बराच वेळ त्यानं आपल्या घराच्या रेघेकडं बघितलं आणि मग बायकोकडं बघितलं.

"वैनी, मंग मोजायचं कसं?" त्यानं कडूबाईला विचारलं. आवाजात चेअरमनकी नव्हती.

"मानसं मोजा, मुकादम. एकदा मोजून तर बगा."

त्यानं मोजली. सवयीनं बोट पुढं करून, ओठ हलवत, एकेका तोंडाकडं बघत मोजली. लेकरं सोडून तेवीस भरली. आपली सोसायटी एवढी मोठी आहे हे पाहून त्याचं त्यालाच बरं वाटलं. त्याच जागी नवा ठराव झाला: माणसागणिक एक मत, आणि घर सगळ्यांना सारखं. कडूबाईचा चौकोन पुरा आखायला मंजुषाला दुसऱ्या दिवशी फक्कीची नवी पिशवी आणावी लागली. बाकीच्या घरांमधल्या आडव्या रेघा मात्र कुणी पुसल्या नाहीत. भिंती उठून जमिनी सारवून होईपर्यंत त्या तशाच होत्या, आणि गडी माणसं येता-जाता त्या ओलांडताना उगाच जरा जपून पाय टाकत.

घरं उभी राहिली. दसऱ्याच्या सुमारास माळावर एक जीप येऊन थांबली. कारखान्याकडून टोळी जमवत फिरणारा कुणी नवखा मुकादम होता. यंदाचा एक हंगाम इथंच काढून बघायचा, असं वस्तीनं ठरवलं होतं खरं, पण भाजीपाला आणि गुरांच्या जोरावर ते जमेल की नाही, याची धास्ती प्रत्येकाच्या पोटात होती. पाहुण्यानं खाली न उतरताच विचारलं की इथून किती कोयते निघतील.

व्यंकटरावचं बोट सवयीनं वर गेलं आणि तिथंच थांबलं. आपल्या पुऱ्या घराच्या पुऱ्या उंबऱ्यावर कडूबाई ज्वारी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण सुपाचा आवाज थांबला.

"कोयते न्हाईत हितं," व्यंकटराव म्हणाला. "तेवीस मानसं हायेत. अन् यंदा कुनी निगनार न्हाई."

जीप निघून गेली. सूप पुन्हा वाजायला लागलं. त्या दिवशी चुलीवरची पाळी कडूबाईची होती, आणि व्यंकटरावच्या ताटात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली भाकर आली.