सुलोचनाताईंना सोडून काढलेला ग्रुप

मंगळवारी राळेगावला गेलते, सुलोचनाताईंकडे. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज जरा निवांत सापडलं... ताईंना विचारूनच लिहितेय बरं का.

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. ऑनलाइन शिवणक्लासमध्ये आम्ही पंधरा-सोळा बाया एकत्र आलो, बहुतेक यवतमाळ जिल्ह्यातल्याच. क्लास संपला, निम्म्या जणींचे ब्लाउज अजूनही काखेत फसतात, पण ग्रुप काही सुटला नाही.

त्यावर चर्चा एकच. आज काय भाजी? सुप्रभात नाही, गुलाबाची फुलं नाहीत, फॉरवर्ड तर टाकायचाच नाही. दुपारी जेवणाच्या टायमाला जिने जे केलं ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी तिची मनसोक्त खेचायची.

नेरची शबाना माझ्या वरणफळांना आळशी बायांचा स्वयंपाक म्हणते आणि मी खरंच चिडते. तिने बिर्याणीचा फोटो टाकला की मी मुद्दाम दिवसभर उत्तर देत नाही. या बायांच्या घरी रोज काय शिजतं ते मला माहीत असतं, सख्ख्या नणंदेच्या घरचं विचाराल तर शून्य.

सुलोचनाताई आमच्यात सगळ्यात मोठ्या, साठीच्या आसपास. कोणी पालक म्हटलं की यांचा लगेच प्रश्न, डाळ कोणती टाकली? त्यांनी 'मस्त' म्हटलं की आम्हाला पास झाल्यासारखं वाटायचं.

मध्यंतरी त्यांचे मिस्टर गेले. अचानकच... पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आणि शबाना जाऊन आलो, पण ताई कोणाशी फार बोलल्या नाहीत. मुलगा-सून पुण्याला असतात, तेही सुट्टी संपल्यावर परत गेले.

इकडे आम्हाला प्रश्न पडला. बाईचा माणूस गेलाय आणि आपण तिच्यासमोर भरल्या वांग्याचे फोटो टाकायचे? कसंतरीच वाटायचं. एक दिवस कोणी काही लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि मग ग्रुप मुका झाला तो झालाच.

पण मेली सवय कुठे जाते... शबानाने मला पर्सनलवर लिहिलं, ताई सावरेपर्यंत आपण वेगळा ग्रुप काढू. मला पटलं. मीच काढला, नाव ठेवलं 'टेम्परवारी'. ताई सोडून सगळ्या त्यात. त्यांना त्रास नको, एवढंच मनात होतं, खरं सांगते.

तर मंगळवारी एसटीने राळेगावला पोचले. ताई घरी एकट्याच. ओटा लख्ख पुसलेला, गॅसवर चहाचं पातेलं, बाकी काही नाही. फार वाळल्या होत्या. जेवण झालं का विचारलं तर म्हणाल्या, चहासोबत टोस्ट खाल्ला. शेजारीण डबा द्यायची, तर रोज रोज कसं घ्यायचं म्हणून तिलाही यांनीच नको सांगितलेलं.

बोलता बोलता बारा वाजून गेले. आणि सतरंजीवर ठेवलेला माझा फोन सुरू झाला. टुंग... टुंग... टुंग. स्क्रीनवर एकेकीची भाजी. तुरीच्या दाण्याची आमटी. अंबाडी. शबानाचं खिमा-मटार. मी घाईघाईने फोन पालथा घातला, पण ताईंनी वाचलं होतं.

त्यांनी हात पुढे केला. काय करता, दिला फोन. चष्मा लावून त्या वर वर सरकवत वाचत राहिल्या, इतक्या दिवसांच्या सगळ्या भाज्या, सगळ्या टवाळ्या. मी आपली मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत बसले. आता रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील असं वाटत होतं.

फोन मांडीवर ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज बाराले तो आपला जुना ग्रुप उघडून पाह्यते. कोणीच काही बोलत नाही. मले वाटलं, माह्यामुळं तुमच्या साऱ्यायच्या चुली बंद पडल्या."

मी सॉरी म्हणायला लागले, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सांगत राहिल्या. लग्नापासून रोज सकाळी त्या नवऱ्याला विचारायच्या, आज काय करू? तो माणूस पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, कर काही बी. इतका राग यायचा म्हणे! आता ओट्यापुढे उभं राहिलं की विचारायला कोणी नाही, आणि विचारल्याशिवाय हातच चालत नाहीत. भाजी निवडायला घेतात आणि तशीच ठेवून देतात.

"तुमचं वाचलं असतं तं काहीतरी केलं असतं मी," एवढंच म्हणाल्या.

मी उठले आणि पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या. त्या अर्धी भाकर खाऊन उठल्या, मी आग्रह केला नाही. परतीच्या एसटीत 'टेम्परवारी' डिलीट केला आणि जुन्या ग्रुपवर घडलं ते सगळं लिहून टाकलं.

बुधवारी सकाळी जुन्या ग्रुपवर ताईंचा मेसेज... आज काय करू?

मग काय विचारता! एक म्हणे मेथी, एक म्हणे मेथी कशाला, वांगं भाजा. शबाना आणि मी डाळ-कांद्यावरून भांडलो ते भांडलोच. ताई नुसतं वाचत होत्या. निळ्या टिक्स तेवढ्या दिसत होत्या. आम्ही सगळ्या कामं टाकून फोनकडे डोळे लावून बसलेलो.

दुपारी उत्तर आलं. "मेथी केली. जेवली."

शबानाचा लगेच फोन आला. मी उचलला. दोन बाया फोन कानाला लावून नुसत्या रडतोय...

दुःखातल्या माणसाजवळ आपण आवाज बारीक करतो, त्यालाच माया समजतो. त्या माणसाला मात्र आपला रोजचा कालवाच हवा असतो. हे आम्हाला ताईंनी शिकवलं, तेही न रागावता.

ताई, तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे. उद्याही विचारा.