पिवळ्या पटक्याच्या मागे

माझी धाकटी नात परवा एकटीच बंगलोरला गेली. निघताना मलाच म्हणाली, "आजी, काळजी करू नको." मी कशाला काळजी करू? मला आठवत होती ती दुसरीच एक बया. चोवीस वर्षांची, एका लेकराची आई, सातवी पास, आणि सोलापूरच्या सासरहून जेऊरच्या माहेरापर्यंत एकटीला जाता न येणारी. ती बया म्हणजे मी. तिची आठवण झाली की अजूनही पदर तोंडावर घ्यावासा वाटतो.

आमच्यात लेक माहेरी जायची ती मुराळ्याबरोबर. मुराळी म्हणजे लेकीला सासरहून न्यायला आलेला माहेरचा माणूस. माझा मुराळी माझा भाऊ. तो पिशवी घेऊन पुढं चालायचा, मी खाली मान घालून मागं. तो बसला की बसायचं, "ऊठ" म्हणाला की उठायचं. लग्न झाल्यापासून कितीदा गेले असेन, पण मधली स्टेशनं मला कुणी विचारली असती तर मी भावाच्या चपलांचं वर्णन केलं असतं. टाच कुठं झिजलीय, अंगठा कुठून तुटलाय, सगळं पाठ.

त्या वर्षी आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. सोलापुरातल्या दवाखान्यात मोठ्या मिनतवारीनं तिच्यासाठी खाट मिळाली. ठरल्या दिवशी दुपारपर्यंत भरती व्हायचं, नाहीतर खाट दुसऱ्याला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. भाऊ तिला घेऊन येणार होता, तर ऐनवेळी बैलानं त्याच्या पायावर पाय दिला. आमच्या मालकांना मिलमधून रजा मिळेना. उरले मी.

"मुराळ्याबिगर?" सासूबाई म्हणाल्या.

"आवं आत्याबाई, मीच मुराळी म्हणून चाललेय की," मी ऐटीत म्हणाले. त्या ऐटीचं पुढं काय झालं ते सांगते.

भरतीच्या आदल्या दिवशी सकाळी लेकरू सासूबाईंजवळ ठेवलं आणि मालकांनी मला बायकांच्या घोळक्याजवळ गाडीत बसवलं. खिडकीतून सांगू लागले, "कुर्डुवाडीनंतर केम. केम गेलं की तयारीत राहा. मधे एक बारकं स्टेशन, मग जेऊर." मी मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. चारचौघांत नवरा इतका वेळ बोलतोय याचीच मला लाज वाटत होती.

गाडी सुटली. आता पुढं कुणाच्या चपला बघायच्या? तेवढ्यात समोरच्या बाकावर एक म्हातारबाबा दिसले. डोक्याला पिवळा पटका, पांढऱ्या मिशा, मांडीवर घोंगडी. अगदी आमच्या शिवारातला माणूस. मी मनातल्या मनात त्यांना मुराळी नेमून टाकलं. त्यांना विचारलं मात्र नाही.

मग त्यांनी भाकरी सोडली, मीही सोडली. ते पाणी प्याले, मीही प्याले. ते डोळे मिटून बसले तेव्हा मलाही डुलकी लागली. मुराळी असल्यावर जागं कोण राहतं? एकदा ते खिडकीतून थुंकले. तेवढं मी केलं नाही, ही माझी अक्कल.

एका स्टेशनावर बाबा उठले. मी पण उठले. ते उतरले, मी पण उतरले, वायरची पिशवी काखेला मारून, त्यांच्या टाचांवर नजर ठेवून. पुढं हातभर मोठी पाटी होती. सातवी पास बयेनं मान वर केली असती तर वाचता आली असती.

फाटकावर रेल्वेच्या माणसानं माझं तिकीट बघितलं. "बाई, हे जेऊरचं हाय. कुणाबरोबर हायसा?"

मी हनुवटीनं पटका दाखवला.

त्यानं हाक मारली, "ओ पावणं! लेकीला हितंच ठेवून कुटं निघालाय?"

बाबा वळले. माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "माज्या समद्या लेकी सासरी हायत. ही त्यातली न्हाय."

नळावर पाणी भरणाऱ्या बायका घागरी सोडून हसायला लागल्या. तिकडं शिट्टी झाली आणि माझी गाडी मला केमच्या फाटकावर सोडून जेऊरला निघून गेली.

"हितं कशाला उतरलीस पोरी?" बाबांनी विचारलं.

"तुमी उतरलासा म्हणून."

"आन मी हिरीत उतरलो असतो तर?"

बायका पुन्हा हसल्या. मी रडायला लागले. रडतारडता आईचे डोळे, दवाखान्याची खाट, सगळं सांगून टाकलं. बाबांचा आवाज मऊ झाला. म्हणाले, "गप. सांजच्या गाडीला तुला कुणाच्या तरी हवाली करतो."

आणि तिथं माझ्या तोंडून निघून गेलं, "नगं. त्यो तरी कुटं उतरंल, कुणाला ठावं?"

धीर वगैरे काही नव्हता हो. एका दिवसात दुसऱ्यांदा हसं होण्यापेक्षा एकटीनं जाणं बरं, एवढाच हिशेब.

संध्याकाळच्या गाडीत चढले, पण बाकावर बसलेच नाही. दाराशी उभी राहिले, दांडा घट्ट धरून. मधल्या बारक्या स्टेशनावर दोघंजण उतरले तर माझाही पाय सवयीनं पुढं गेला. मीच त्याला मागं ओढला. जेऊरची पाटी आली, ती मी दोनदा वाचली.

दिवेलागणीला घरी पोचले. आई भिंतीला टेकून बसली होती आणि बांधलेलं गाठोडं सोडून लुगडी परत दोरीवर टाकलेली. सकाळच्या गाडीला बैलगाडी स्टेशनावर जाऊन रिकामी परत आली होती.

"कोण हाय?"

"मी हाय, आई."

"मला वाटलं, मुराळी न्हाय म्हणून सोडलीच न्हाय तुला. म्हनलं, ऱ्हायलं आता. डोळं गेलं."

माझ्या मूर्खपणापायी ती दिवसभर आंधळेपणाची तयारी करत बसली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं, पटका, फाटक, विहीर. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला दिसत न्हाय म्हणून मी दवाखान्यात चाललीय. तुला काय धाड भरलीया?"

फाटकावरच्या हसण्यानं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. माझ्या पदराचं टोक आईच्या मुठीत. प्रत्येक स्टेशनाचं नाव मी वाचून तिला सांगत होते. केम आलं तसं मी तोंड आत वळवलं, नळावर कुणी ओळखीचं असेल म्हणून.

"केम आलं का ग?" आईनं डब्याला ऐकू जाईल असं विचारलं. "उतरायचं न्हवं?"

सोलापुरात आमचे मालक मिलमधून तासाभराची सवड काढून फलाटावर आलेले. दवाखान्याची वेळ व्हायला आली होती. त्यांनी गाठोडं उचललं आणि झपाझपा पुढं निघाले. माझी मान आपोआप खाली गेली, नजर त्यांच्या चपलांवर, आणि मी मागं.

पदराला मागून हिसका बसला.

"थांब," आई म्हणाली. "आदी पाटी वाच."

गर्दी अंगावरून चाललेली, हमाल ओरडतायत, पुढं मालक वळून बघतायत की ही मायलेकीची जोडी का खोळंबली. माझे कान गरम झाले.

"सोलापूर," मी पुटपुटले.

"आयकू न्हाय आलं."

"सोलापूर!" मी मोठ्यानं म्हणाले. तेव्हा कुठं तिनं पदर सैल सोडला, आणि मालकांना मागं टाकून मीच तिला स्टेशनाच्या दाराकडं घेऊन निघाले.