ओशमधली रमजानची खिडकी

अनारकान तशी तोंडाने फटकळच. ओश शहरातल्या दवाखान्यात हेरॉइन सोडलेल्यांना त्याऐवजीचं औषध, मेथाडोन, पाजायचं काम तिचं. रोज सकाळी खिडकीशी यायचं आणि नर्सच्या डोळ्यांदेखत औषध गिळायचं, असा कायदाच होता. घरी न्यायची सोय नाही.

रमजान लागला आणि म्हातारा मामासाली कप तोंडाला लावेना.

"आके, आजाऱ्याला रोजा माफ असतो," अनारकान म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषांना ती आकेच म्हणायची.

"आणि व्याह्यांनी विचारलं, कसला आजार, तर? इतकी वर्षं मी रशियात कामाला होतो, असं लेकीने सासरी सांगून ठेवलंय. आत्ता कुठे तिने घरात घेतलंय, रोज रोजा सोडायला बोलावते. घालवू ते?"

गेल्या रमजानातही काही जण असेच औषध सोडून पुन्हा सुईकडे गेले होते. एकाला तर मातीच द्यावी लागली. अनारकान मोठ्या डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागली.

"अगं बाई, कायदा आहे!"

"मग त्या कायद्याला म्हणावं, एक दिवस रोजा धरून बघ!"

अखेर वरून हुकूम आला. रमजानपुरती खिडकी सूर्यास्ताला उघडायची, तासाभराने पहारेकऱ्याने औषधाचं कपाट सील करायचं. अनारकानला आभाळ ठेंगणं झालं.

बाकीचे रोजेवाले सगळे आले. मामासाली मात्र आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला तो घामाने निथळत, दात वाजवत.

"कुठे उलथला होतात?"

"पंगतीत थोरला मीच, अनारकान. जेवण झालं की बाता, म्हणजे शेवटची दुआ, मीच द्यायची. थोरल्याने हात पसरून दुआ दिल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि मीच मधून उठू? तोवर तुझं कपाट बंद! आज दाढेचं निमित्त करून निसटलो. रोज कुठली दाढ दुखणार?"

अनारकानने कपाळावर हात मारला. जन्मभर अशाच पंगतीत जेवलेली बाई, आणि हेच कसं सुचलं नाही? ती पुन्हा डॉक्टरांकडे धावली. "पहारेकऱ्यालाही घर आहे," ते म्हणाले, "मिळालंय तेवढ्यात समाधान मान."

"आके, तिथे खरं काय ते सांगून टाका," ती मामासालीला म्हणाली. "आणखी खाडे झाले तर नाव कापतील. मग तुम्ही जगत नाही."

दुसऱ्या दिवशी तो अजानच्या आधीच बाकावर येऊन बसला होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं. लेक म्हणाली, ईद होईपर्यंत येऊ नका."

तिला लेकीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. आपला नान मोडून तिने अर्धा त्याच्यापुढे ठेवला.

ईदनंतर वरच्या कचेरीतला साहेब आला. बेत यशस्वी झाला म्हणून खूश होता. "सगळ्यात नियमित कोण यायचं?" त्याने विचारलं.

"पहिले दोन दिवस सोडले तर मामासाली," अनारकान म्हणाली. "त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं."