काट्यावरच्या काकाजींचा पासवर्ड

देवळीजवळच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे संगणक मी सिंदी मेघेतल्या माझ्या घरून सांभाळतो. काही बिघडलं की एसएसएचने, म्हणजे घरबसल्या दुरूनच, तिथल्या ऑफिसच्या संगणकात शिरायचं, काळ्या पडद्यावर चार कमांड टाकायच्या आणि चहा गार व्हायच्या आत बाहेर यायचं. या कामाचा मला फार तोरा होता.

एकदा मात्र अडलं. वजनकाट्यावरच्या संगणकात कापसाच्या गाड्यांच्या वजनांचं फोल्डर होतं. ऑफिसात बसलेल्या माणसाला ते नेटवर्कवर समोरच दिसायचं, मी दुरून शिरलो की गायब. मी आत जायचो ते पासवर्ड न टाकता, माझ्याकडे जपून ठेवलेल्या किल्लीच्या फाइलने. पासवर्डच सोबत नाही म्हटल्यावर काट्याचा संगणक मला पुढे कशाला घेईल? रीतसर उपाय होता, त्या कामासाठी तिथे वेगळं खातं काढायचं. त्यासाठी देवळीला जावं लागलं असतं. मी आळस केला. काट्यावर बसणाऱ्या काकाजींना फोन लावून त्यांचाच पासवर्ड मागितला. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं आणि मी ते ऑफिसच्या संगणकावर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये सरळ लिहून टाकलं. दर पाच मिनिटांनी वजनांची प्रत ऑफिसात येऊ लागली. मी ते विसरूनही गेलो.

पुढे मीच सगळ्यांना फर्मान काढलं, पासवर्ड बदला. काकाजींनी इमानदारीने बदलला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं खातं बंद पडू लागलं. चुकीचा पासवर्ड बरेचदा टाकला गेला की विंडोज खातं काही वेळ बंद करतं, म्हणजे चूक काकाजींची, यात मला शंकाच नव्हती. फोनवर ते म्हणायचे, "बरोबरच टाकून राह्यलो ना बाप्पा." मी म्हणायचो, काकाजी, वय झालं की होतं असं. इतक्या सहज म्हणायचो की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. काट्यावर गाड्यांची रांग लागायची, लोक कावायचे. ऐन हंगामात काकाजींनी स्वतःच मालकाला सांगितलं की आता डोकं चालत नाही, मला फाटकावर बसवा.

महिन्याभराने मालकाने जुनी वजनं मागितली. बघतो तर प्रत येणं थांबलेलं, नेमकं काकाजींनी पासवर्ड बदलला त्या दिवसापासून. माझी स्क्रिप्ट जुनाच पासवर्ड दर पाच मिनिटांनी टाकत बसली होती. चुकत होतो मी आणि खातं बंद पडत होतं त्यांचं. ती ओळ मी तिथल्या तिथे पुसली. करून सवरून नामानिराळा राहायची पूर्ण सोय होती, आणि दोन दिवस मी राहिलोही.

तिसऱ्या दिवशी देवळीला गेलो. काकाजी फाटकावर गाड्यांचे नंबर लिहीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली.

"म्हंजे मी बरोबर टाकत होतो?"

हो म्हटलं. आत्ताच मालकांना सांगतो, असंही म्हटलं.

"मालकाले नको सांगू, तुझं काम जाईन. घरी येऊन सांगजो. डोकं चालत नाई म्हणून घरी मले कोणी स्कूटर चालवू देत नाई."

मालकाला सांगावं लागणार नाही म्हणून मला हायसं वाटलं. चुकीपेक्षा त्या हायसं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. स्कूटर अंगणात चादरीखाली उभी होती. काकूंना मी सोप्या शब्दांत सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पोहे खायला लावले. निघताना माझ्यासोबत बाहेर रस्त्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्याईले बरं वाटावं म्हणून सांगतलं ना भाऊ? तुमचं मन चांगलं हाय. असेच येत जा."

मी नाही म्हणालो, शपथ घेतली, तर त्या नुसत्या हसल्या. मागे अंगणात काकाजी चादर काढून स्कूटरपाशी उभे होते, काकू आत येऊन किल्ली देतील याची वाट बघत.