तळ्याचा कागद

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे आणि बागेच्या उशाला शेततळं. पाहुणे आले की आधी तिथे जाऊन फोटो काढतात. मला त्या पाण्याची भीती वाटते. उघड सांगते, त्यात लाज कसली!

विहिरीचं पाणी निराळं. विहिरीला दगड असतात, कपारी असतात, दमलं तर धरायला काहीतरी मिळतं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अर्ध्या गावाला आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं, एवढीच त्यांची शाळा. पुढे विहीर मार्चमध्येच तळ दाखवायला लागली, तेव्हा आम्ही शेततळं केलं. मोठा खड्डा, त्यावर प्लास्टिकचा काळा कागद, आणि पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी. कागदावर शेवाळ धरतं. पट्टीचा पोहणारा काठापर्यंत सुखरूप येतो आणि तिथेच घसरून घसरून दमतो. म्हणून आम्ही कुंपणाच्या खांबाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडला होता. आबा त्याला हसायचे. "मला कशाला दोर? मी पाण्यातच वाढलोय," म्हणायचे.

त्या एप्रिलमध्ये छाटणीच्या काड्यांचे भारे बांधायला दोर कमी पडला. मी तळ्यावरचा सोडून आणला. संध्याकाळी परत बांधीन म्हटलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले, तर तळ्याभोवतीच्या मातीच्या भरावावर आबांच्या चपला आणि टोपी. मोटार पाणी ओढत नव्हती. पाइपाच्या तोंडची जाळी साफ करायला ते स्वतःच उतरले होते. आता काठाशी हनुवटीपर्यंत पाण्यात होते आणि नखांनी कागद खरवडत होते. हातभर वर यायचे, परत खाली जायचे. बुडणारा माणूस ओरडतो असं मला वाटायचं. ते गप्प होते.

मला पाहून म्हणाले, "दोर कुठं गेला गं? नाय दिसत."

नवरा औषधं आणायला पिंपळगावला गेलेला. मी हाका मारल्या, पण शेजारच्या बागेत ट्रॅक्टर चालू होता, कोण ऐकणार? धावत जाऊन ठिबकची नळी ओढली, ती हातातच तुटली. मग राहिली अंगावरची साडी.

वीस वर्षांत मी आबांपुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. निऱ्यांना हात घातला आणि समोर पाहिलं. ट्रॅक्टर ओळीच्या टोकाला आला होता, त्याचं तोंड आमच्याकडे होतं. हात हलवला असता तर चालवणारा उडी टाकून आला असता. परक्या पुरुषादेखत साडी सोडायची लाज आडवी आली, मी हात हलवला नाही. तो वळून पाठमोरा होईपर्यंत थांबले, आणि मग साडी सोडली. एक टोक खांबाला बांधलं, दुसरं पाण्यात फेकलं.

आबांनी तोंड फिरवलं.

साडी त्यांच्या खांद्याला लागत होती आणि हा माणूस पलीकडच्या काठाकडे बघत होता. तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. सासऱ्यांपुढे आवाज न चढवणारी मी किंचाळले, "आबा, धरा! लाज गेली चुलीत, धरा म्हणते ना!" तेव्हा त्यांनी डोळे मिटून, चाचपडत साडी धरली. मी टाचा रोवून ओढत राहिले.

वर आल्यावर ते पालथे पडून खोकत होते. मी ती ओली साडी कशीबशी गुंडाळली. दोर मी काढला होता, हे घरात सगळ्यांना सांगितलं. नवरा खूप बोलला, ते ऐकून घेतलं.

गावात अजून म्हणतात, सून असावी तर अशी. आबाही मान डोलावतात. पाण्यात असताना त्यांना भरावापलीकडचा ट्रॅक्टर दिसत नव्हता, पण तो काठाजवळ येऊन परत लांब गेल्याचा आवाज त्यांनी ऐकला असेल का, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.